कृत्तिका, अकरा

हुरझुकची खाट दाराशी, माझी एसीखाली.
रात्री तीनला तो उठायचा
चोरासारखा, चपला हातात घेऊन,
आणि दर वेळी
त्याच एका बादलीला त्याची लाथ बसायची.

रुवैसला आलो तेव्हा मला सांगितलेलं,
इन्स्ट्रुमेंटवाला आहे, दाभोळचा, शांत माणूस.
गच्चीवर दुर्बीण आहे हे कुणी बोललं नाही.
मायदेशी परतणाऱ्या एका डच इंजिनिअरने
चार हप्त्यांत विकलेली, नळी खरचटलेली.
आरसा तो बेबी शाम्पूने धुवायचा
वर्षातून एकदा,
आणि त्या दिवशी खोलीत पंखा बंद, शिंकायलाही बंदी.

शोध लावले त्याने, नाही असं नाही.
तीन रात्री जागून धूमकेतू सापडला,
तो भिंगावरचा माझ्याच बोटाचा ठसा निघाला.
धनु राशीत नवा तारा सापडला,
कळवायला बसला तर जपानातल्या कुणा मास्तराने
चार तास आधी कळवलेला.
"चारच तास," आठवडाभर तो सांगत होता,
चुलतभावाचं पोर बोर्डात आल्यावर सांगतात तसं.

मी विचारलं, ह्या उजेडात दिसतं काय तुला?
कुंपणापलीकडे प्लँटची ज्योत रात्रंदिवस,
आकाशाची ती बाजू कायम भाजलेली.
म्हणाला, म्हणून तर मोजतो.
चंद्र नसलेल्या दर रात्री
पाठीवर पडून, नुसत्या डोळ्यांनी, कृत्तिका.
किती दिसल्या तेवढाच आकडा,
जुन्या टाइमशीटच्या पाठकोऱ्या बाजूला.
सहा. सहा. पाच, धूळ. सहा.
सोळा वर्षं सहा.

ह्याच झुबक्याला इथे सुरैया म्हणतात.
त्याच्या धाकटीचं नाव आजीने ठेवलेलं, कुठल्याशा नटीवरून.
एका उंटवाल्याने त्याला वर बोट दाखवून हे सांगितलं
तेव्हा ती सात वर्षांची होती;
त्याच्या रजा जोडल्या तर साडेनऊ महिन्यांची.

त्या डिसेंबरात आकडे हलले.
सात. सात. आठ.
त्याने चष्म्याचा नंबर तपासून घेतला.
नऊ झाल्या तेव्हा कागद घेऊन माझ्याकडे आला:
तू क्रेनवर असतोस, ज्योत लहान झालीय का?
ऐंशी मीटरवर मी रोज तिच्याकडे पाठ करून बसतो.
वळून पाहिलं.
झाली होती.

सूचनाफलकावर अजून काही नव्हतं.
शुक्रवारची बिर्याणी चालू होती.
पण जिन्यात माणसं उभी राहू लागली,
वेल्डर, पेंटर, मेसमधला भांडीवाला,
ज्यांनी कधी मान वर केली नव्हती ते,
पत्रिका दाखवायला आल्यासारखे:
आज किती?
खोटं बोलला असता तर कुणाला कळलं नसतं.
दहा, तो म्हणाला.

अकराच्या रात्री मला ओढत वर नेलं.
गार सिमेंट, अंगावर कंपनीचं ब्लँकेट.
मी आठवर अडकलो.
"रोखून नको बघू. जरा बाजूला बघ,
मग येतो तो."
बाजूला पाहिलं. नववी आली, दहावी आली,
आणि पलीकडे हुरझुक,
ओठ हलत होते त्याचे,
मोजत होता की दुआ मागत होता, विचारलं नाही.
एवढं आकाश मी गावीही पाहिलं नव्हतं
आणि मला ते नको होतं.

यादी सोमवारी लागली.
माझं नाव नव्हतं.
सामानाच्या वजनात दुर्बीण बसवायला
त्याने कपडे वाटून टाकले.
एक स्वेटर माझ्याकडे आहे, काखेत घट्ट होतो.

आता तीनला मला जाग येते.
बादली मी हलवलेली नाही.

परवा दाभोळहून फोन आला:
इथे बारा दिसतात रे. सुरैया म्हणते तेरा.
दोन रात्री भांडतोय आम्ही.
मागून तिचा आवाज, तेराच आहेत, लिहा.
मग जरा थांबून, तुझ्याकडे?
सहा, मी म्हटलं.
"सहा ना," तो म्हणाला, "बरंय मग."